झोंबीला पत्ता लागतो

सिंगापुरात झोंबी आले तर माणसांनी लढायचं कशानं? प्रश्न पोरकट वाटतो, पण तिथे झोंबीपट काढायला बसलेल्या माणसाला तो पहिल्याच दिवशी आडवा येतो. अमेरिकी झोंबीपटात त्याचं उत्तर शोधावं लागत नाही. कोणाच्या तरी कपाटात, गाडीत, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानात बंदूक असतेच. सिंगापुरात सामान्य माणसाच्या घरी बंदूक सापडणं जवळजवळ अशक्य. १९७३च्या कायद्याप्रमाणे कोणाला इजा करण्याच्या हेतूने गोळी झाडली, तर ती लागो न लागो, शिक्षा मृत्युदंडाची. मग त्या देशात बंदुका आहेत कुठे? पोलिसांकडे आणि लष्कराच्या छावणीत.

जेसन टॅन यांचा २०१८चा ‘झोंबीपुरा’ घडतो तो अशाच एका आडबाजूच्या छावणीत. मला तर वाटतं, या गोष्टीला दुसरी जागाच नव्हती. पण छावणीतही गंमत आहे. सिंगापूरच्या लष्करात गोळीबाराचा सराव संपला की प्रत्येक जवानाला जाहीर करावं लागतं की माझ्याजवळ ना गोळी उरली आहे, ना रिकामं काडतूस. बंदूक आहे, पण गोळी मोजून मिळते आणि तिचं टरफलसुद्धा परत द्यावं लागतं. अशा देशातला झोंबीपट अमेरिकेसारखा होणारच नाही, होऊही नये.

ही छावणी कोणाची, तर सगळ्यांची. १९६७पासून सिंगापुरात मुलगा अठराच्या आसपास आला की त्याला साधारण दोन वर्षं लष्करी किंवा तत्सम सेवा करावी लागते. पुढे नोकरी-संसार सुरू झाल्यावरही बरीच वर्षं अधूनमधून सरावासाठी बोलावणं येतं. बँकेतला साहेब, टॅक्सीवाला, संगणकवाला असे सगळे एका बराकीत, एका गणवेशात. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे चुकत नाही; कायम निवासी आई-बापांच्या मुलांनाही सेवा लागू असते आणि पोरगा पंधरा-सोळाचा झाला की घरात हाच विषय. ‘झोंबीपुरा’चे दोन नायक याच जगातले. टॅन कायू हा काम टाळण्यात पटाईत कॉर्पोरल. कायू म्हणजे मलयमध्ये लाकूड, आपल्याकडे त्याला ठोंब्या म्हटलं असतं. दुसरा सार्जंट ली सियाओ ऑन, ड्यूटीचं वेड घेतलेला. सिंगापूरच्या लष्करात आजाराचं सोंग काढून काम चुकवण्याला ‘चाओ केंग’ म्हणतात आणि तिथल्या प्रत्येक पुरुषाला ही कला निदान ऐकून तरी ठाऊक असते. आता बघा, खोटे आजारी जिथे रोजच लटपटत फिरतात, तिथे खरी साथ आली तर पहिला तासभर कोणाच्या लक्षात तरी येईल का?

इथेच झोंबीपटाची सगळी जादू आहे.

भुतांच्या दुनियेत झोंबीइतका रिकामा प्राणी दुसरा नाही. आपल्या मुंजाला चरित्र आहे: मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत गेला, लग्नाची इच्छा राहिली, पिंपळ धरला. कोकणातल्या अळवंतिणीला दुःख आहे. ती बाळंतपणात गेलेली बाई. वेताळ तर विद्वान. प्रेतात शिरून राजाला कोडी घालतो, आणि गोव्यात तर त्याची देवळं आहेत. सिंगापुरातल्या चिनी लोकांची भुतं वर्षातून एक महिना, चांद्रवर्षाच्या सातव्या महिन्यात, सुट्टीवर आल्यासारखी येतात. त्यांच्यासाठी रस्त्याकडेला कागदी नोटा जाळतात, तंबूत गाण्याचे कार्यक्रम होतात, आणि त्या कार्यक्रमांत खुर्च्यांची पहिली रांग रिकामी ठेवतात. ती त्यांची. चुकून तिथे कोणी बसलं तर मागची आजी लगेच उठवते.

झोंबीला यातलं काहीच नाही. नाव नाही, राग नाही, राहिलेली इच्छा नाही. त्याच्याशी बोलता येत नाही, त्याला नवस बोलता येत नाही, लिंबू-मिरचीने तो थांबत नाही. आणि म्हणूनच तो जिथे उभा राहील तिथला होतो. मुंजा कुठल्याही पिंपळावर बसला तरी मुंजाच. झोंबी मात्र मॉलमध्ये वेगळा, रेल्वेत वेगळा, छावणीत वेगळा. त्याच्याकडे स्वतःचा अर्थ नसल्यामुळे तो जागेचा अर्थ अंगावर घेतो. उत्तम झोंबीपट आणि नुसता रक्तबंबाळ झोंबीपट यांतला फरक मला तरी इथेच दिसतो. जागा निवडण्यात.

सिंगापूरला मेलेल्यांचे सिनेमे नवे नाहीत, पण जुने सगळे चरित्रवाल्या भुतांचे. एप्रिल १९५७मध्ये कॅथे-केरिस या स्टुडिओने ‘पोंतियानाक’ आणला. पोंतियानाक म्हणजे मलय लोकांची अळवंतीणच म्हणा. बाळंतपणात गेलेली, लांब केसांची. मानेत खिळा ठोकला की सुंदर, गुणी बायको होऊन नांदते, खिळा उपसला की पुन्हा मूळ रूपात. दिग्दर्शक होते भारतातून आलेले बी. एन. राव, नायिका मारिया मेनाडो. त्या काळात मलय चित्रपट बनवायला सिंगापूरचे स्टुडिओ भारतातून दिग्दर्शक आणत. कॅथे चित्रगृहात हा सिनेमा जवळजवळ तीन महिने चालला. त्याच वर्षी दुसरा भाग आला, पुढच्या वर्षी तिसरा. पहिल्या दोन भागांची एकही प्रत आज सापडत नाही, तिसरा तेवढा वाचला. लोकांना त्या बाईची भीती वाटे आणि दयाही येई. झोंबीची दया कोणाला येणार?

पण एके काळी यायची. हे झोंबीचं मूळ कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो. हैतीत फ्रेंचांचे उसाचे मळे होते आणि ते आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या हाडांवर चालत. मेल्यावर जीव परत आफ्रिकेत जातो, ही त्या माणसांची एकमेव आशा. झोंबी म्हणजे ज्याला तेवढीही सुटका मिळाली नाही तो. मेल्यावरही ज्याला उठवून मळ्यावर कामाला जुंपलं तो. भीती झोंबी चावेल याची नव्हती, आपणच झोंबी होऊ याची होती. १९२९मध्ये विल्यम सीब्रुक यांच्या पुस्तकाने ही कल्पना अमेरिकेत नेली आणि १९३२मध्ये ‘व्हाइट झोंबी’ हा पहिला मोठा झोंबीपट आला. त्यात साखर कारखान्याचा एक प्रसंग आहे. मेलेले मजूर टोपल्या घेऊन रांगेने चरकाकडे जात आहेत. एक जण तोल जाऊन यंत्रात पडतो. कोणी थांबत नाही, कोणी वळून बघत नाही, चरक करकरत राहतो. नव्वद वर्षांनंतरही तो प्रसंग अंगावर येतो, आणि त्यात रक्ताचा एक थेंबही नाही.

माणसं खाणारा, चावून साथ पसरवणारा झोंबी १९६८चा. पिट्सबर्गच्या जॉर्ज रोमेरो यांनी सव्वा लाख डॉलरच्याही आत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ बनवला. कृष्णधवल चित्रपट, रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप. गंमत म्हणजे त्यात झोंबी हा शब्द एकदाही येत नाही. शेतातलं एक घर, आत सात माणसं, बाहेर हळूहळू चालणारे मुडदे. हळूहळू हे फार महत्त्वाचं. मुडदे इतके संथ की माणसांना भांडायला भरपूर वेळ मिळतो: तळघरात लपायचं की वर घरातच राहून दारं-खिडक्या ठोकून घ्यायच्या? आणि ती भांडतातच. घर पडतं ते मुडद्यांपेक्षा या भांडणामुळे. डुएन जोन्स हा कृष्णवर्णीय नट त्यात नायक आहे. तो रात्रभर तग धरतो आणि सकाळी सुटका करायला आलेल्या गोऱ्या बंदूकधाऱ्यांच्या गोळीने मरतो. त्यांना लांबून तो मुडदाच वाटतो. तेच रोमेरो १९७८मध्ये आपले मुडदे मॉलमध्ये घेऊन गेले. ते मॉलमध्येच का येतात, तर जिवंतपणी तिथेच येण्याची सवय.

पुढे २००२मध्ये डॅनी बॉयल यांनी त्यांना पळायला लावलं आणि जगभर वाद सुरू झाला, झोंबीने चालावं की पळावं. मला हा वाद फुकटचा वाटतो. वेग जागेने ठरवावा. उघड्या शेतात पळणारा झोंबी गोष्ट पाच मिनिटांत संपवील. आगगाडीच्या डब्यात चालणारा झोंबी कोणाला घाबरवणार नाही.

आगगाडी म्हटली की ‘ट्रेन टू बुसान’ आलाच. योन सांग-हो यांचा २०१६चा हा कोरियन चित्रपट कोरियात एक कोटीहून जास्त लोकांनी चित्रगृहात पाहिला, सिंगापुरातही तो तुफान चालला. सोलहून बुसानला निघालेली वेगवान गाडी. जागा एका रेषेत, पुढे किंवा मागे, तिसरी दिशाच नाही. त्यातल्या झोंबींच्या अंगाची ती मोडकी, हाडं निखळल्यासारखी हालचाल बसवायला नृत्यदिग्दर्शक होता. झोंबींचे नियम दोनच: दिसलं की झडप, बोगद्यात अंधार झाला की आंधळे. एवढ्यावर दोन तास श्वास रोखून बसवलं. पण मला सगळ्यात भयंकर वाटतो तो प्रसंग झोंबींचा नाहीच. मागच्या डब्यांतून जिवावर उदार होऊन काही माणसं पुढच्या सुरक्षित डब्यापर्यंत पोचतात आणि आतली माणसं दार उघडत नाहीत. गळ्यातले टाय सोडून दाराला बांधतात. सुटाबुटातली, सभ्य, घाबरलेली माणसं. त्याच वेळी सरकार टीव्हीवर सांगत असतं की सगळं आटोक्यात आहे. कोरियन प्रेक्षकाला याचा अर्थ कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. दोनच वर्षांपूर्वी, २०१४मध्ये, सेवोल बोट बुडताना प्रवाशांना जागच्या जागी थांबायला सांगितलं गेलं होतं आणि ३०४ माणसं गेली होती.

आपल्याकडे जागेचं हे महत्त्व बरोबर ओळखलं आदित्य सरपोतदार यांनी. पुढे ‘मुंज्या’ काढला तेच ते. त्यांचा ‘झोंबिवली’ २६ जानेवारी २०२२ला आला आणि मराठीला पहिला झोंबीपट मिळाला. जागा डोंबिवली आणि साथीचं मूळ पाणी. एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला झोपडपट्टी, मधे पाण्याचा तंटा. अमेय वाघ टॉवरमध्ये राहायला आलेला अभियंता, ललित प्रभाकर वस्तीतला पोरगा. ज्या गावात २०१४मध्ये हिरवा पाऊस पडला आणि २०२०मध्ये रसायनांनी रस्ता गुलाबी झाला, तिथल्या प्रेक्षकाला ‘पाण्यातून काहीतरी आलं’ हे पटवायला शास्त्रज्ञाचं भाषण लागत नाही. सिनेमा मधेच विनोदाच्या नादी लागतो, लांबतो, पण पत्ता अचूक आहे.

आता परत सिंगापूर. इथे झोंबीपटकाराची खरी पंचाईत होते. प्रत्येक झोंबीपट एका गोष्टीवर उभा असतो: यंत्रणा कोसळते. फोन लागत नाही, पोलीस येत नाहीत, सरकार खोटं बोलतं किंवा गायब होतं. पण सिंगापुरात यंत्रणा कोसळली हे कोणाला पटेल? २००३मध्ये सार्सची साथ आली तेव्हा तिथे २३८ लोकांना लागण झाली, ३३ गेले. शाळकरी मुलांना तापमापक वाटले गेले. घरी विलग केलेल्या माणसांच्या घरात कॅमेरे बसवले. फोन आला की त्या कॅमेऱ्यासमोर येऊन तोंड दाखवायचं. हुकूम मोडणाऱ्याला अंगावर इलेक्ट्रॉनिक पट्टा. झोंबींची साथ आली तर हा देश बहुधा आधी फॉर्म काढील.

आणि दरवाजाचं काय सांगू? सिंगापूरचे बहुतेक रहिवासी सरकारने बांधलेल्या इमारतींत राहतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून बांधलेल्या अशा घरांत एक छोटी खोली बॉम्बहल्ल्यासाठी असते. जाड काँक्रीटच्या भिंती, जड पोलादी दार, हवेसाठी ठेवलेल्या भोकांना पोलादी झाकणं. रोजच्या आयुष्यात तिथे सुटकेस, झाडू, तांदळाची पोती आणि दिवाळीच्या आकाशकंदिलाचं खोकं पडलेलं असतं, कारण आपल्याकडच्यासारखी माळ्यावर टाकायची सोय तिथे नाही. दरवर्षी १५ फेब्रुवारीला संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटांनी देशभर भोंगे वाजतात. १९४२मध्ये त्याच दिवशी सिंगापूर जपान्यांना शरण गेलं. म्हणजे झोंबीपटाला लागणारं सगळं सामान या देशाने आधीच बांधून, तेलपाणी करून ठेवलं आहे. पोलादी दार, भोंगा, आणि शेजाऱ्याच्या घरातलंही तसंच दार.

पळायला जागा मात्र नाही. पूर्व-पश्चिम पन्नास किलोमीटर, साठ लाखांच्या आसपास माणसं, आणि मुख्य भूमीला जोडणारे दोनच रस्ते. म्हणून सिंगापूरची भीती ‘मदतीला कोणीच येणार नाही’ ही असूच शकत नाही. तिची भीती उलटी: ते येतील, वेळेवर येतील, नियमाने येतील, आणि दार बंद होईल तेव्हा आपण कुठल्या बाजूला असू?

हे काल्पनिक नाही. २०२०च्या एप्रिलमध्ये कोविड वाढला तेव्हा तिथल्या कामगार वसतिगृहांत तीन लाखांहून अधिक परदेशी मजूर राहत होते, बरेचसे बांगलादेशातले आणि तमिळनाडूतले. एकेका खोलीत दाटीवाटीने बिछाने. देशातल्या त्या वर्षीच्या बहुतेक लागणी या वसतिगृहांतच झाल्या. फाटकं बंद झाली. बाकीचं शहर जूनपासून हळूहळू उघडलं, पण या मजुरांना मोकळं फिरायला पुढे कितीतरी महिने मिळालं नाही. जेवण, पगार, उपचार यांची सोय सरकारने केली, हेही खरंच. तरी फाटक ते फाटक. हैतीच्या मळ्यावरची जुनी भीती, राबणाऱ्या शरीराला सुटका नसण्याची, इथे पुन्हा समोर उभी राहते. सिंगापूरचा थोर झोंबीपट जर कधी निघाला, तर तो या फाटकावर निघेल, आणि त्यात मजूर हे झोंबी नसतील, माणसं असतील. प्रश्न असेल तो किल्ली कोणाच्या खिशात आहे याचा.

‘झोंबीपुरा’ तिथपर्यंत जात नाही. हुकूम पाळणारी शरीरं आणि हुकूम चुकवणारा नायक ही कल्पना अस्सल आहे. हुकूम मोडणारा आळशी माणूसच जिवंत राहायला जास्त लायक, असं म्हणायची संधी टॅन यांच्यापुढे होती. ते त्या उंबऱ्यापर्यंत येतात आणि दोन मित्रांच्या नोकझोकीकडे वळतात. हसू येतं, भीती बेताचीच वाटते. जागा दहापैकी नऊ, धैर्य दहापैकी पाच. छोट्या देशात लष्कराची थट्टा करत सिनेमा काढणं सोपं नसतं, हे लक्षात घेऊन मी आणखी एक गुण वाढवायला तयार आहे.

बघायचेच असतील तर क्रम सांगतो. आधी ‘झोंबीपुरा’, मग ‘झोंबिवली’, शेवटी ‘ट्रेन टू बुसान’. उलटं केलंत तर पहिल्या दोघांवर अन्याय होईल. लहान मुलांना तिन्ही दाखवू नका. आणि रोमेरोंच्या चित्रपटासाठी तिकीट काढायची गरजच नाही. प्रदर्शनाच्या आधी त्याचं नाव बदललं, नव्या नामावलीत कॉपीराइटची ओळ टाकायची राहून गेली, आणि तेव्हापासून तो कोणालाही फुकट पाहता येतो.